रेघ ओढणारे हात

२०११ च्या सप्टेंबर महिन्यात नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात एक प्रतिज्ञापत्र सादर केले आणि त्यातले दोन आकडे एका रात्रीत देशभर पोचले. शहरात माणशी दिवसाला ३२ रुपये, खेड्यात २६ रुपये. एवढा खर्च ज्याला करता येतो तो दरिद्री नव्हे, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळात मी मराठी कथेतील दारिद्र्याच्या चित्रणावर बोलले आणि शेवट या ३२ रुपयांनी केला. ३२ रुपयांत काय येते? एक वडापाव, एक कटिंग चहा, बसचे जाण्यायेण्याचे तिकीट, संपला दिवस. सभागृहात हशा झाला, मग टाळ्या झाल्या. आपण काहीतरी खरे आणि धाडसाचे बोललो, असे मला वाटत होते.

नंतर स्टाफरूममध्ये अर्थशास्त्र शिकवणारे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मॅडम, बोललात छान. एकच विचारतो. या नव्या रेषेमुळे देशातल्या गरिबांची संख्या वाढली की घटली?"

"घटलीच असणार, सर. म्हणून तर एवढा गदारोळ चालू आहे."

"वाढली. २००४-०५ ची जुनी मोजणी साडेसत्तावीस टक्के होती. तेंडुलकर समितीच्या रेषेने ती सदतीसांवर गेली."

मला उत्तर सुचले नाही. पण मनात जे आले ते येथे लिहिले पाहिजे, कारण हा सारा लेखप्रपंच त्याच्यासाठीच आहे. मनात आले ते असे: 'हे सर उदारीकरणाचे समर्थक. सरकारची बाजू सावरायला ते असेच बोलणार.' एवढे मनाशी म्हटल्यावर मला बरे वाटले, आणि तो आकडा तपासून पाहण्याची गरज वाटेनाशी झाली.

वास्तविक मी व्यवसायाने वाचन शिकवते. कथा कोण सांगतो आहे, तो कोठे उभा आहे, त्याला काय दिसते आणि काय दिसू शकत नाही, हे प्रश्न मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना विचारत आले. त्या दिवशी मी ते प्रश्न नियोजन आयोगाला विचारले, सरांना विचारले. स्वतःला मात्र विचारले नाहीत. माझ्या ३२ रुपयांच्या गोष्टीचा नायक कोण होता? घराबाहेर खाणारा, बसने फिरणारा, एकटा, मिळवता माणूस. ती रेषा मात्र तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्या आजीपर्यंत घरातल्या प्रत्येकाला सारखीच मोजत होती. पाच जणांच्या शहरी कुटुंबाला महिन्याला सुमारे ४,८०० रुपये, असा तिचा अर्थ होता. तीही रक्कम अपुरीच, हे माझे मत आजही बदललेले नाही. पण मी पाच माणसांच्या घराची गोष्ट एका माणसाच्या तोंडून सांगितली होती, आणि ती तशी सांगितल्यानेच टाळ्या पडल्या होत्या.

काही महिन्यांनी, काहीशा चिडीनेच, मी या मोजणीचा इतिहास वाचायला घेतला. सरांना उत्तर देण्यासाठी एखादा हुकमी मुद्दा हाती लागावा, एवढाच हेतू होता.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की आपल्याकडची दारिद्र्याची मोजणी राजकीय भांडणातच जन्मली. दादाभाई नौरोजी मूळचे एल्फिन्स्टन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक. १८७६ मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा त्यांचा निबंध मुंबईत वाचला गेला. ब्रिटिश हिंदुस्थानातले दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपयांच्या आसपास आहे, असा त्यांचा हिशेब होता. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार जेवढा खर्च करते तेवढेही सामान्य रयतेच्या वाट्याला येत नाही, हे त्यांनी सरकारी कागदांवरूनच दाखवले. १८८२ मध्ये सरकारी अंदाज आला २७ रुपयांचा. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी तो ३० वर नेला. त्याच वर्षी विल्यम डिग्बी यांनी आपल्या ग्रंथात तो १८ च्या आतबाहेर दाखवला. राज्यकर्त्याचा आकडा चढता आणि टीकाकाराचा उतरता! कोणत्या अंदाजावर कोणाची सही असेल, हे आकडा पाहूनच सांगता यावे, इतका हा प्रकार उघड आहे.

येथवर आल्यावर 'सगळेच आकडे राजकीय' असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. पण दादाभाईंचा निबंध नीट वाचला की ते जमत नाही. सरकारी अधिकारी निरनिराळ्या जिल्ह्यांचे एकरी उत्पन्न घेत, त्यांची नुसती बेरीज करत आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागत. कोणत्या जिल्ह्यात किती जमीन त्या पिकाखाली आहे, याचा विचार करत नसत. चार एकरांचा जिल्हा आणि चार लाख एकरांचा जिल्हा त्यांच्या हिशेबात सारखेच वजनदार. दादाभाईंनी ही चूक पकडली. ती पकडायला गणित येणे पुरेसे नव्हते. गणित येणारे अधिकारीही होतेच. 'हा आकडा खरा असणे शक्य नाही' असा संशय आधी यावा लागतो, आणि तो संशय दादाभाईंना त्यांच्या राजकारणाने दिला. म्हणजे राजकीय मत डोळ्यांवर झापड बांधते हे खरे. पण इतरांना न दिसणारे काही तेच दाखवते, हेही खरे. मात्र चूक पकडली गेल्यावर ती चूक आहे की नाही, हे ठरवायला दादाभाईंचे राजकारण मान्य करावे लागत नव्हते. कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या कोणाही साम्राज्यवाद्याला ते पडताळता आले असते.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्याचे मर्मही याच्या जवळचे आहे. इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धान्त निसर्गनियमांसारखे सर्व देशांना व सर्व काळी लागू पडतात, ही समजूत त्यांनी नाकारली. ते सिद्धान्त काही गृहीतांवर उभे आहेत आणि ती गृहीते येथल्या समाजाला लागू पडत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. खुला व्यापार हा त्या काळी शास्त्राचा निष्कर्ष म्हणून शिकवला जाई. तो इंग्लंडच्या सोयीचाही होता. परंतु रानडे 'हे इंग्रजांचे शास्त्र, म्हणून खोटे' असे म्हणून थांबले नाहीत. कोणते गृहीत कोठे लागू पडत नाही, हे सांगण्याचे कष्ट त्यांनी घेतले. मी स्टाफरूममध्ये नेमके हेच कष्ट टाळले होते.

स्वातंत्र्यानंतरच्या मोजणीत मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले ते १९६२ सालच्या एका आकड्याने. नियोजन आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने १९६०-६१ च्या किमतींनुसार दरडोई दरमहा २० रुपये ही किमान जीवनाची पातळी ठरवली. या गटात धनंजयराव गाडगीळ होते, समाजवादी अशोक मेहता होते, खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते मिनू मसानी होते आणि सर्वोदयी अण्णासाहेब सहस्रबुद्धेही होते. एरवी एका व्यासपीठावर न दिसणारी ही माणसे एका आकड्यावर एकत्र आली. पण त्या २० रुपयांत आरोग्याचा आणि शिक्षणाचा खर्च धरलेला नव्हता, कारण तो शासन करील असे मानले होते. म्हणजे त्या आकड्याच्या पोटात एक वचन होते. पुढे वचन मागे पडले, दवाखान्याचा आणि शाळेचा खर्च माणसाच्या खिशातून जाऊ लागला. रेषेच्या हिशेबात मात्र तो अनेक वर्षे नीट उमटला नाही. येथे बेरीज-वजाबाकीत कोणी लबाडी केलेली नाही. काय मोजायचे आणि काय गृहीत धरायचे, हे ठरवतानाच राजकारण आत आले, आणि नंतर ते कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

१९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा प्रसिद्ध अभ्यास आला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च ही त्यांची मोजपट्टी. १९६०-६१ च्या किमतींना ती ग्रामीण भागात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये एवढी झाली. ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली होते. मोजपट्टी इतकी आखूड का, असा आक्षेप घेता येतो, आणि माणसाचे जगणे म्हणजे काय उष्मांकांची भट्टी आहे, असा आमच्यासारख्यांचा आक्षेप तर ठरलेलाच. पण मोजपट्टी त्यांनी टेबलावर ठेवली होती. कोणीही उचलावी आणि पुन्हा मोजावे.

तसे घडलेही. १९८० च्या दशकाच्या आरंभी संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्या मोजपट्टीच्या मुळालाच हात घातला. माणसाची उष्मांकांची गरज दररोज सारखी नसते. शरीर काही मर्यादेत कमी-अधिक आहाराशी जुळवून घेते. म्हणून सरासरी गरजेहून कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित समजणे चूक आहे, असा त्यांचा युक्तिवाद. त्यांच्या मोजणीने कुपोषितांची संख्या पुष्कळच खाली येत होती. सुखात्मे यांनी भुकेलेल्यांना कागदावरून पुसून टाकले, असा आरोप झाला. दांडेकरांनी त्यांचा सविस्तर प्रतिवाद केला. सुखात्मे यांचा रोख मात्र नुसत्या धान्याऐवजी शुद्ध पाणी आणि स्वच्छता यांकडेही पाहा, असा होता. जुलाबाने खंगणाऱ्या मुलाला नुसता अधिक भात देऊन काय होणार? आज हा वाद वाचताना मला तो 'गरिबांचा कैवारी विरुद्ध गरिबांचा वैरी' असा वाचता येत नाही. माझ्या विद्यार्थिदशेत कोणी मला त्याचा सारांश सांगितला असता, तर मी तो नेमका तसाच वाचला असता.

पुढचा वाद तर साहित्याच्या माणसाने मुद्दाम वाचावा असा आहे. १९९९-२००० ची राष्ट्रीय नमुना पाहणी प्रसिद्ध झाली आणि १९९३-९४ मध्ये ३६ टक्के असलेले दारिद्र्य २६ टक्क्यांवर आल्याचे जाहीर झाले. सुधारणांच्या समर्थकांना सुधारणांचे फळ मिळाले. विरोधकांना त्यात कारस्थान दिसले. दोघांच्या मधे पडला होता तो प्रश्नावलीचा एक रकाना. पूर्वी मागच्या तीस दिवसांत काय काय खाल्ले, असे विचारत. या वेळी अन्नपदार्थांसाठी तीस दिवसांचा आणि सात दिवसांचा असे दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी ठेवले गेले. आठवड्याचे माणसाला ताजे आठवते, महिन्याचे पुसट. दोन्ही रकाने समोर आले की उत्तर देणारा नकळत दोहोंचा मेळ घालू लागतो, आणि महिन्याचा आकडा फुगतो. प्रश्नांच्या मांडणीने उत्तरांचा आशय बदलला. मग कोणी प्रश्नावलीतल्या न बदललेल्या भागावरून नवा अंदाज बांधला, कोणी दुसऱ्या पाहणीचा आधार घेतला. अँगस डीटन यांच्या हिशेबात घट खरी ठरली, पण जाहीर झाली त्याहून काहीशी कमी. अभिजित सेन आणि हिमांशू यांच्या हिशेबात ती फारच थोडी उरली. या वादातला प्रत्येक जण आपल्या मतांसह आला होता. तरीही वाद पुढे सरकला, कारण मूळ माहिती सर्वांसाठी खुली होती आणि प्रत्येकाला आपली रीत दाखवावी लागत होती.

या वाटेने मी पुन्हा ३२ रुपयांपाशी आले. सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने २००९ मध्ये उष्मांकांची जुनी कसोटी बाजूला ठेवली, आरोग्य आणि शिक्षण यांवरचा खासगी खर्च हिशेबात आणला आणि ग्रामीण रेषा वर उचलली. २००४-०५ साठी ग्रामीण दारिद्र्य त्यामुळे २८.३ टक्क्यांवरून ४१.८ टक्क्यांवर गेले. सरांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मग गदारोळ खोटा होता काय? तसेही नाही. रेशनचा हक्क त्या रेषेला बांधला जाणार, ही भीती खरी होती. रेषा ही नुसती मोजपट्टी उरत नाही, तिचे कुंपण होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातल्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना धान्याचा हक्क दिला, तेव्हा हे कुंपण पुष्कळसे मागे हटले. मला त्या भाषणात कुंपणाविषयी बोलायला हवे होते. मी वडापावाविषयी बोलले.

आणि तरी या प्रकरणाचा खरा धडा २०१४ मध्ये मिळाला. २०११-१२ च्या पाहणीवर तेंडुलकर पद्धतीने २१.९ टक्के लोक दरिद्री ठरले होते. त्याच पाहणीवर रंगराजन समितीच्या पद्धतीने २९.५ टक्के ठरले. तीच पाहणी, तेच वर्ष. पद्धत बदलली, रेघ थोडी वर ओढली, आणि नऊ कोटींहून अधिक माणसे इकडची तिकडे झाली. यांतला कोणता आकडा खरा, या प्रश्नाला पाहणीत उत्तर नाही. माणसाला माणूस म्हणून जगायला किमान काय लागते, याविषयीची आपली कल्पना काय, यावर ते अवलंबून आहे. आणि ती कल्पना नैतिक आहे, राजकीय आहे. पण एकदा ती सांगितली, की तिच्याखाली किती माणसे येतात हे मात्र कोणाच्या मताने बदलत नाही.

स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी १९३० मध्येच अर्थशास्त्रीय सिद्धान्तांत दडलेल्या राजकीय अंशावर ग्रंथ लिहिला होता. मूल्ये टाळून समाजाचा अभ्यास करता येत नाही. म्हणून ती लपवू नका, आरंभीच सांगून टाका, असे ते पुढे आग्रहाने सांगत राहिले. १९७४ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना फ्रीड्रिश हायेक यांच्याबरोबर विभागून मिळाले. एक नियोजनाचा पुरस्कर्ता, दुसरा नियोजनाचा कडवा विरोधक. यावरून कोणी या शास्त्राची थट्टाही करील. मला त्यात थट्टेपेक्षा एक प्रश्न दिसतो: या दोघांपैकी ज्याचे मत मला पटत नाही, त्याचे पुस्तक मी कसे वाचते?

आम्हा साहित्याच्या लोकांची एक सवय मला येथे नोंदवावीशी वाटते. लेखकाची विचारसरणी, जात, वर्ग, हितसंबंध उघडे करून दाखवायला आम्ही शिकलो, आणि ते शिकणे आवश्यकच होते. पण हळूहळू ते उघडे केले की संहिता वाचून झाली, असे आम्हाला वाटू लागले. सरांची मते ठाऊक असल्याने त्यांनी तो प्रश्न का विचारला, हे मला कळले. त्यांचा आकडा बरोबर की चूक, हे त्यावरून कळण्याजोगे नव्हते. या दोन गोष्टी मी एक समजले. त्यामुळे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय मी समीक्षा म्हणून चालवला.

याची परीक्षा २०१९ मध्ये पुन्हा झाली. २०१७-१८ च्या उपभोग-खर्च पाहणीचा अहवाल वृत्तपत्रात फुटला. २०११-१२ च्या तुलनेत माणशी खर्च ३.७ टक्क्यांनी घटल्याचे त्यात होते. माहितीच्या गुणवत्तेत दोष आहेत असे सांगून सरकारने तो प्रसिद्ध करायचे नाकारले. या वेळचा आकडा माझ्या मतांना हवा तसा होता. तो घेऊन लेख लिहायला मी बसलेही होते. मग सरांना फोन केला. ते तोवर निवृत्त झाले होते. त्यांचे मत असे, की त्या पाहणीत दोष असू शकतील, आणि तो आकडा त्यांना पटतही नाही, "पण मॅडम, दोष आहेत तर माहिती खुली करून दोष दाखवा. अहवालच दडपायचा, हे चूकच." सरकारविषयीची आमची मते त्या वेळीही जुळत नव्हती. या एका वाक्यावर आम्ही जुळलो, कारण दोघांचेही भांडण चालू राहायचे तर ती माहिती दोघांनाही हवी होती. ज्याची मते आपल्या विरुद्ध आहेत त्याच्याशी वाद घालता येतो. न छापलेल्या अहवालाशी घालता येत नाही.

२०२४ मध्ये २०२२-२३ च्या पाहणीचे आकडे आले. या वेळी पाहणी करणारे एकाच घरी तीन वेगळ्या भेटी देऊन प्रश्न विचारत होते. म्हणजे जुन्या आकड्यांशी तुलना कशी करायची, हा वाद पुन्हा आहेच. दारिद्र्य जवळजवळ संपले असे म्हणणारे आहेत, रेघच फार खाली ओढली जाते असे म्हणणारे आहेत. मी अजूनही दुसऱ्या पक्षात आहे. फरक एवढाच, की पहिल्या पक्षाचा लेख मी आता शेवटपर्यंत वाचते, आणि लेखकाचे नाव वाचून झाल्यावर थांबत नाही.

राहता राहिले ते भाषण. पुढच्या वर्षी त्याच वाङ्मय मंडळात मी आरंभीच मागच्या वर्षीची चूक सांगितली: रेषेने गरीब वाढले होते, मी उलट समजले होते, आणि तपासले नव्हते. मुले जरा चुळबुळली. एका मुलीने विचारले, "मग मॅडम, ३२ रुपये बरोबर होते का?" मी म्हटले, "नाही. पण का नाही, हे मला गेल्या वर्षी ठाऊक नव्हते." या वेळी टाळ्या फारशा पडल्या नाहीत. सर मागच्या रांगेत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी दादाभाईंच्या सरासरीचा मुद्दा पुन्हा समजावून सांगायला सांगितले, आणि आम्ही फळ्यावर तो हिशेब मांडून पाहिला.